अण्णांच्या वह्या कुणाच्या?

अण्णा गेले त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोलापूरच्या चाटी गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फ्लेक्स लागला होता. पांढऱ्या टोपीतला फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'दानशूर व्यक्तिमत्त्व, ज्येष्ठ सूत व्यापारी' आणि त्याखाली शोकाकुल म्हणून तीसेक नावं. ९५ वर्षांचं आयुष्य, त्यातली ७० वर्षं स्वतःच्या दुकानाच्या गादीवर. तिसऱ्या दिवशी व्यापारी मंडळी घरी बसायला आली, तेव्हा कुणीतरी विषय काढला की दुकानाजवळच्या चौकाला अण्णांचं नाव द्यावं, महापालिकेत आपण बोलू. माझ्या थोरल्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. आपल्या वडिलांबद्दल चार माणसं आपणहून चांगलं बोलतात, त्यासारखा आधार त्या दिवसांत दुसरा नसतो.

तेरावं झालं आणि दुकानाचा माळा रिकामा करायला घेतला. पोत्यांमागे लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट, दोऱ्यानं बांधलेल्या वह्या निघाल्या. रोजकीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या, खतावणी म्हणजे खातेवार हिशोबाच्या, उधारीच्या, मजुरीच्या. मोजल्या तर ११२. पहिली १९५३ ची, पहिल्या पानावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक, 'श्री' आणि 'शुभ-लाभ'. दादानं रद्दीवाल्याला आधीच बोलावलं होतं. त्यात त्याचं काही वाईट नव्हतं. पेठेत सगळे तेच करतात. जुन्या वह्यांना वाळवी लागते, जागा अडते, आणि कायद्यानं सांभाळायची मुदत कधीच संपलेली असते. रद्दीवाला तराजू घेऊन उभा होता आणि मी माळ्याच्या शिडीवर बसून राहिले. खाली उतरलेच नाही. शेवटी दादानं त्याला परत पाठवलं.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की होत गेली आहे. या शहरातल्या व्यापाऱ्यांची खरी आठवण त्यांच्या वह्यांत आहे. चौकाची पाटी, फ्लेक्स, स्मृतिग्रंथ हे सगळं त्या मानानं फार थोडं सांगतं, आणि जे सांगतं तेही एकाच बाजूचं. म्हणून या वह्या घरच्यांनी रद्दीत घालू नयेत, आणि त्या ठेवून घ्यायला सोलापुरात एक सार्वजनिक जागा असावी. त्यातली पानं मात्र न निवडता, न फाडता द्यावीत, आपल्या माणसाला कमीपणा आणणाऱ्या पानांसकट. लेक म्हणून हे लिहिणं मला सोपं गेलेलं नाही.

अण्णांचा जन्म १९२९ चा. सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ते वर्षाचे होते. पोलिसांच्या भीतीनं त्यांच्या रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आजी त्यांना आतल्या खोलीत घेऊन बसायची. १४ व्या वर्षी ते एका सुताच्या पेढीवर झाडलोट करायला लागले. सुतावर कंट्रोल आलं ते त्याच सुमारास. परमिटाचे कागद कुठल्या क्रमानं लावायचे हे त्यांना चांगलं जमलं आणि दिवाणजींनी झाडू काढून बोरू हातात दिला. दहा वर्षं त्या गादीवर काढून १९५३ च्या दिवाळी पाडव्याला त्यांनी स्वतःचं दुकान मांडलं. घरात मराठी, मागवाल्यांशी, म्हणजे विणकरांशी, तेलुगू, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांशी कानडी, रंगारी आणि टांगेवाल्यांशी उर्दू. या चार भाषा ते कुठे शिकले असं विचारलं तर म्हणायचे, "पेठेत बसलं की येतात."

चाटी म्हणजे कापड विकणारा. जुन्या मराठीतला हा शब्द आता बोलण्यातून गेला, आमच्या गल्लीच्या नावात तेवढा उरला. पण गल्ली नुसत्या चाट्यांवर कधी चालली नाही. तिच्यामागे पूर्व भागातल्या घराघरातले माग होते, तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या इथे येऊन स्थिरावलेली पद्मशाली कुटुंबं होती, आणि माग आणि बाजार यांच्या मध्ये अण्णांसारखी सूत उधार देणारी माणसं होती. सोलापुरी चादर आपण अभिमानानं सांगतो. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती चादर विणली जाण्याआधी तिचं सूत कुणीतरी कुणालातरी विश्वासावर दिलेलं असतं. त्या विश्वासाचा कागद म्हणजे ही वही.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. आकड्यांची भीती नाही. तरी पहिल्या दहा वर्षांच्या वह्या मला वाचता येईनात, कारण त्या मोडी लिपीत होत्या. साठी उलटल्यावर मी मोडीच्या वर्गाला बसले. आधी अक्षरं लागली, मग ओळी, आणि मग अण्णा दिसायला लागले. लहानपणापासून ज्यांना मी फक्त जेवणाच्या ताटावर आणि रविवारच्या दुपारी पाहिलं, ते दिवसाचे बारा तास नक्की काय करत होते हे मला ते गेल्यावर कळलं. मुलींनी गादीवर बसायची तेव्हा रीत नव्हती.

१ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली. त्या दिवसाच्या पानावर आणे खोडून 'न. पै.' लिहिलंय, आणि पुढचे दोन-तीन महिने प्रत्येक रकमेशेजारी बारीक अक्षरात जुना हिशोबही आहे, कारण मागवाल्यांना नवे पैसे पटत नव्हते. पुढे वजनं बदलली. १० पौंडांचं सुताचं बंडल ४.५४ किलोचं झालं. सूत तेच, आकडा तेवढा अवघड झाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ सगळी विक्री हँकची आहे, म्हणजे लडीच्या सुताची, जे हातमागाला लागतं. मग 'कोन' हा शब्द कुठेकुठे दिसू लागतो. कोनवरचं सूत यंत्रमागाचं. सत्तरच्या दशकात हँकच्या ओळी विरळ होत जातात आणि कोनच्या ओळी पानभर पसरतात. सोलापुरातला हातमाग कसा गेला यावर भाषणं पुष्कळ ऐकली. तो कुठल्या साली, कुठल्या गल्लीत, कुणाच्या घरातून गेला हे मात्र मी पहिल्यांदा या वह्यांत पाहिलं.

आणखी एक गोष्ट दिसली, जी मी शोधत नव्हते. उधारीच्या वहीत पैसे कुणी आणून दिले ते लिहायची पद्धत असते: 'ह.', म्हणजे हस्ते. वरच्या बाजूला नाव पुरुषाचं, पण वसुलीच्या ओळींत वर्षामागून वर्ष 'ह. पत्नी', 'ह. आई', 'ह. सून'. आणि मध्येच अण्णांच्या अक्षरात टीप: 'विडी मजुरीतून'. मागवाल्यांच्या घरातल्या बायका विड्या वळायच्या हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. पण त्या विड्यांच्या पैशांनी सुताची उधारी फिटत होती, म्हणजे चादरीचा धंदा एका अर्थानं विडीच्या सुपावर उभा होता, हे मला तरी दुसरीकडे कुठे लिहिलेलं आढळलं नाही. त्या बायकांची नावं वहीत नाहीत. तरी त्या पैसे घेऊन आल्याच्या तारखा आहेत, आणि ही नोंदही मी माळ्यावरून उतरले असते तर त्याच दिवशी गेली असती.

ज्यांचा कागद जपला जातो त्यांचाच इतिहास होतो, हे आमच्या गावानं फार जवळून पाहिलं आहे. १८७० च्या दशकात उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, आमची जुनी गिरणी, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं अध्यादेश काढून तिचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांकडे दिला. एका भागधारकानं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९५० मध्ये न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन अशा मतानं निकाल दिला आणि तो हरला. पुढे दुसऱ्या एका भागधारकाच्या खटल्यात, अण्णांनी दुकान मांडल्यावर दीडेक महिन्यानं, डिसेंबर १९५३ मध्ये तोच कायदा न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला. आज देशात कुठेही कायदा शिकणाऱ्या मुलाला मूलभूत हक्कांच्या धड्यात सोलापूरची गिरणी भेटते. समभाग कुणाचे, संचालक कोण, भागधारकाचा हक्क कशानं गेला, हे शब्दन्‌शब्द छापलेलं आहे.

आणि त्या ऑगस्टमध्ये गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या घरांचं काय झालं? अण्णा तेव्हा २० वर्षांचे, दुसऱ्याच्या पेढीवर. ते सांगायचे की गिरणी बंद झाल्याचं पहिल्यांदा भुसार गल्लीला कळतं. ज्वारी पोत्यानं जायची ती शेरानं जायला लागते आणि मग मापट्यानं. त्या दुकानदारांच्या १९४९ च्या वह्या कुठे आहेत? मी जुन्या पेठेतल्या ओळखीच्या सहा घरांत विचारलं. पाच घरांनी रद्दीत घातल्या होत्या. सहाव्या घरी बंब पेटवायला वापरल्या.

इटलीत प्रातो नावाचं गाव आहे. तेही कापडाचं गाव, आजही. तिथला फ्रान्चेस्को दातिनी नावाचा व्यापारी १४१० साली वारला. तो राजा नव्हता, सरदार नव्हता, अगदी मोठ्या सावकारांतलाही नव्हता. लोकर, कापड, मीठ, शस्त्रं, मिळेल त्याचा व्यापार करणारा माणूस. औरस मूल नव्हतं म्हणून मालमत्ता गावच्या गरिबांसाठी ठेवून गेला, आणि आपले कागद जपावेत असंही सांगून गेला. पुढे ते कागद त्याच्याच घरातल्या जिन्याखाली बंद पडून राहिले आणि १८७० मध्ये सापडले. सुमारे दीड लाख पत्रं, पाचशेच्या वर हिशोबाच्या वह्या. युरोपातला मध्ययुगातला व्यापार कसा चालायचा, हुंडी कशी फिरायची, नोकराला पगार काय, बायकोला पत्र काय लिहायचं, हे आज जगाला जे कळतं त्यातला मोठा भाग त्या जिन्याखालून आलेला आहे. त्याच्या वह्यांवर लिहिलेलं असायचं: 'देवाच्या आणि नफ्याच्या नावानं'. हे वाचलं तेव्हा मला अण्णांच्या पहिल्या पानावरचं शुभ-लाभ आठवलं आणि गळा दाटून आला. सहाशे वर्षांपूर्वीचा, सात समुद्रांपलीकडचा कापडवाला, आणि वहीची सुरुवात आमच्यासारखीच.

आपल्याकडे मोठ्या घराण्यांनी हे ओळखलं आहे. टाटांचं मध्यवर्ती अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेजांचं विक्रोळीत. आणि महाराष्ट्राला तर हे नवीनही नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करत होते, त्यातूनच १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ते दप्तर राजकारणाचं, सरंजामाचं म्हणून मोलाचं, आणि सुताच्या दुकानाचं दप्तर ते रद्दी, हा भेद आपण मनात कधी केला ते मला कळत नाही. सोलापूरनं या देशाला वालचंद हिराचंद दिले. १८८२ मध्ये याच गावात जन्मलेल्या त्या माणसानं आगबोटी, विमानं आणि मोटारी या तिन्ही धंद्यांत देशी कारखानदारीचा पाया घातला. त्यांच्या नावानं इथे महाविद्यालय आहे. आप्पासाहेब वारदांचा इंद्रभुवन वाडा आजही महापालिकेचं मुख्यालय म्हणून डोळ्यांसमोर उभा आहे. मोठ्यांची आठवण दगडात राहते. पण एका वालचंदांमागे या गावात शेकडो मधल्या फळीची माणसं होती, जी कारखाने काढू शकली नाहीत आणि मजुरीवरही गेली नाहीत. मोठ्यांचं भांडवल आणि छोट्यांचे हात यांच्या मधली सगळी देवघेव त्यांच्या वह्यांतून गेली. ती माणसं आता एकेक करून जात आहेत. एकेक गिरणी बंद पडत गेली, चिमण्या राहिल्या. आता वह्याही गेल्या तर या गावात काय चालायचं याची साक्ष द्यायला कोण उरेल?

यावर लोक काय म्हणतात ते मी ऐकलं आहे, घरातूनच ऐकलं आहे.

दादाचा पहिला आक्षेप करांचा होता. 'कुणाच्या हातात काय पडेल सांगता येत नाही.' ही भीती पेठेत प्रत्येकाच्या हाडात आहे. पण कंपन्यांनाही हिशोबाची पुस्तकं आठ वर्षंच ठेवायची आहेत, जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. १९६६ ची खतावणी उघडून आज कोण कुणाला नोटीस देणार? जुन्या वहीची कराची मुदत कधीच संपली आहे आणि आता धोकाही नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी हलकं लेखणार नाही. वहीत कर्जदारांची नावं आहेत. कुणाचा आजा किती बाकीदार होता, कुणाची बाकी बुडाली, हे त्यांच्या नातवंडांनी चारचौघांत का ऐकावं? लग्नं जमवताना आजही घराण्याची जुनी उधारी निघते अशा समाजात आपण राहतो. म्हणून वह्या दिल्या म्हणजे उघड्या टाकल्या असं होऊ नये. तीस-चाळीस वर्षं पुरी होईपर्यंत वही बंद राहावी, त्यानंतरही अभ्यासकानं नावं न छापण्याची हमी लिहून द्यावी, आणि ज्याचं खातं आहे त्याच्या घरच्यांना मात्र आपलं पान कधीही पाहता यावं. शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपण वहीला 'आमची' म्हणतो, पण तिच्यात दोन बाजू असतात, जमा आणि नावे. एक बाजू आपल्या वडिलांची, दुसरी समोरच्या माणसाची.

आणि तिसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही. वहीत आपले वडील जसे होते तसे सापडतील.

१९६६ च्या उधारीच्या वहीत एका मागवाल्याचं खातं आहे. सूत नेलं, चादरी आल्या, पुन्हा सूत नेलं. मग बाकी वाढत जाते. गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा वायदा, पाडव्याचा वायदा, दोन्ही टळतात. आणि मग एक ओळ: 'बाकीपोटी हातमाग १ जमा.' खातं तिथे बंद. मी पुढच्या वर्षीच्या वह्या उलटल्या. तेच नाव मला मजुरीच्या वहीत सापडलं, आमच्याच शेडमध्ये, आठवड्याच्या पगारावर. जो माणूस स्वतःच्या मागावर बसत होता तो अण्णांच्या मागावर बसू लागला. कायद्यानं त्यात काही गैर नव्हतं. पेठेच्या रिवाजानंही नव्हतं. पण मी त्या रात्री झोपले नाही. माझी शाळेची फी त्याच शेडमधून आली आहे.

फ्लेक्सवर 'दानशूर' लिहिलं होतं तेही वहीत तपासता येतं. प्रत्येक बिलावर शेकड्याला काही पैसे 'धर्मादाय' म्हणून गिऱ्हाइकाकडून घ्यायची पेठेची पद्धत होती. ते पैसे वेगळ्या खात्यात जमा होत. असा पैसा व्यापाऱ्याचं उत्पन्न नव्हे, तो दानासाठीच बांधलेला असतो, असं सर्वोच्च न्यायालयानंही एका कापड गिरणीच्या खटल्यात म्हटलं आहे. अण्णांनी त्या खात्यातून पाणपोई चालवली, मुलांच्या फिया भरल्या, यात्रेत अन्नदान केलं. एक पैसाही इकडचा तिकडे झालेला नाही, मी सगळी बेरीज केली आहे. पण ते दान ज्यांच्या पैशांतून झालं त्यात बिल चुकवणारे ते मागवालेही होते. पाटीवर नाव फक्त अण्णांचं लागलं.

मग १९७२ येतं. दुष्काळ. सबंध जिल्हा खडी फोडायला गेला ते वर्ष. उधारीच्या वहीत पानामागून पान एकच शेरा आहे: 'व्याज सोडले.' मी ८३ खाती मोजली. घरात आईनं त्या वर्षी पाटल्या मोडल्या हे मला माहीत होतं, कशासाठी मोडल्या ते माहीत नव्हतं. अण्णांनी हे कधीच कुणाला सांगितलं नाही. फ्लेक्सवाल्यांनाही माहीत नव्हतं. १९६६ चं पान मी लपवलं तर १९७२ च्या पानावर कुणी विश्वास का ठेवावा? दोन्ही एकाच हातानं, एकाच शाईनं लिहिलेली आहेत. मला हे दोन्ही अण्णा हवे आहेत. ९५ वर्षं जगलेल्या माणसाचं एका विशेषणात आवरतं घेणं मला त्यांच्या आयुष्याचा अपमान वाटतो.

एक गैरसमज मात्र तातडीनं दूर व्हायला हवा. 'आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, जुनं कशाला हवं' असं नवी पिढी म्हणते. आमच्या दुकानात १९९९ मध्ये कॉम्प्युटर आला, हिशोब टॅलीवर गेला. १९५३ ची मोडीतली कीर्द मी आज वाचू शकते. २००४ चे हिशोब कुणालाच वाचता येत नाहीत. ते मशीन भंगारात गेलं, ज्या सीडीवर उतरवले होते त्या सीडीला चिरा गेल्या. जकात होती तेव्हाचे, ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला तेव्हाचे, नोटाबंदीच्या आठवड्याचे, जीएसटीच्या पहिल्या महिन्याचे व्यवहार, म्हणजे छोट्या व्यापाऱ्याचं जगणं सगळ्यांत वेगानं बदललं तो काळ, सोलापूरच्या पेठेत सगळ्यांत आधी पुसला जाणार आहे. वाळवीपासून सांभाळला तर कागद पन्नास वर्षंही टिकतो. ज्यांच्याकडे जुना डेटा अजून उघडतो त्यांनी निदान वर्षाअखेरच्या खतावण्या छापून ठेवाव्यात, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

करायचं काय, तर फार मोठं काही मागत नाही. सरकारी कागदांसाठी केंद्राचा १९९३ चा आणि राज्याचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे; खासगी पेढीचा कागद जपणं कुणाचंच काम नाही. ते आपणच अंगावर घ्यायला हवं. सोलापूरला २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे. तिथे एक कोरडी खोली, लोखंडी कपाटं, वाळवीची फवारणी, आणि मोडी, तेलुगू व कानडी वाचू शकणारी दोन-तीन मुलं. एका चौकाच्या सुशोभीकरणाला, कमानीला, उद्घाटनाच्या मांडवाला लागतो त्याहून हा खर्च जास्त होईल असं मला वाटत नाही. व्यापाऱ्यांच्या संघटनांनी ठरवलं तर एका पाडव्याला तो निधी उभा राहतो. धर्मादाय खातं आपल्याला नवीन नाही. त्यातला पैसा ज्या वह्यांत लिहिला गेला त्यांच्यासाठीच तो वापरण्यात मला मोठं औचित्य दिसतं. मी स्वतः एका कार्यालयात दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा जागा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा जाईन.

चौकाला नाव द्यायच्या प्रस्तावाला आम्ही दोघांनी मिळून नम्रपणे नकार कळवला. दादाला तयार व्हायला चार महिने लागले. माझ्या बोलण्यानं तो तयार झाला नाही. १९७२ ची वही मी त्याच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेले. परत आले तेव्हा तो आईच्या फोटोकडे बघत बसला होता. आता रविवारी दुपारी तो विजापूर रोडला माझ्या घरी येतो. मी वाचते, तो यादी करतो. १९७४ पर्यंत आलो आहोत. डांबरगोळ्यांच्या वासानं मागची खोली भरून गेली आहे.

१९६६ च्या त्या मागवाल्याचं घर शोधायला वेळ लागला. नीलम नगरात त्यांचा नातू भेटला. पुण्यात नोकरी करतो, गड्ड्याला आला होता. मी सगळं सांगितलं, मागाचंही सांगितलं, आणि वही पुढे ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं मागाच्या ओळीवर बोट न ठेवता तिच्या खाली ठेवलं. तिथे तेलुगूत काहीतरी लिहिलेलं होतं. त्याला वाचता येईना, तो मराठी शाळेत शिकलेला. त्यानं आईला हाक मारली. त्या चष्मा लावून आल्या, पदरानं हात पुसले आणि एकेका अक्षराखाली बोट सरकवत सासऱ्यांचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं.

मग म्हणाल्या, "त्यांना सही येत होती? आमच्या रेशनकार्डावर तर त्यांचा अंगठा आहे."